भस्माखालची चीर

रहीमसाहेबांनी मला विचारलं नाही, एवढे त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. काय विचारलं नाही ते पुढं येईलच, पण आधी त्यांचं नाव घेतो, मग बाकीचं. रहीमसाहेब म्हणजे निजामाच्या राज्यात गाड्यांचा मुआयना करणारे अधिकारी. वर्षातून एकदा, दसरा झाला की ते गंगाखेडला यायचे आणि कुठली गाडी रस्त्यावर चालण्याच्या लायकीची आहे, कुठली नाही, हे बघून तसा कागद लिहून द्यायचे. उंच, किडकिडीत माणूस. कानात अत्तराचा बोळा. शेरवानीचं गळ्याचं बटण भर उन्हातही लावलेलं. उभ्या जन्मात त्यांचं माझं मुआयन्यापलीकडचं बोलणं दोनदा झालं. दोन्ही मिळून अर्धा तास भरायचा नाही.

दसरा जवळ आला की माझं पोट बिघडतं. इथले डॉक्टर म्हणतात, पित्त आहे. मी मान हलवतो. मान हलवायची सवय जुनीच आहे.

इथं घाटावर, पश्चिमेकडच्या मुलखात येऊन मला पुष्कळ वर्षं झाली. मोटारींच्या एका कारखान्यात मी दुरुस्त होऊन बाहेर पडणारी गाडी शेवटची तपासतो. मी हो म्हटल्याशिवाय ती फाटकाबाहेर जात नाही. खंडेनवमीला पोरं सगळ्या गाड्यांना झेंडूच्या माळा घालतात, हळदीकुंकवाची बोटं ओढतात, आणि त्यांची पाठ फिरली की मी फडकं घेऊन हळूच फिरतो. जिथं जिथं हळद दाट लागली आहे तिथं पुसून बघतो. पोरांच्या ते लक्षात आलंय.

"मिस्त्री, पूजा पुसताय व्हय? देव कोपायचा की!"

"कोपू दे," मी म्हणतो.

एकदा कोपून झालाय, हे त्यांना काय सांगणार?

आमचं मूळ गाव सोनपेठ. वाणी लिंगायतांचं घर, गूळ-खोबऱ्याचं दुकान. आमच्या घरात सकाळी अंघोळ करून इष्टलिंगाची पूजा केल्याशिवाय आणि कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढल्याशिवाय कुणाला भाकर मिळत नसे. शाळा मात्र उर्दूत. मास्तर वाचायचे, मी मान हलवायचो. मान हलवण्यावर तीन वर्षं निघाली, चौथीच्या परीक्षेला नुसती मान चालेना. निकालाच्या कागदावर 'नाकाम' आलं. अप्पा म्हणाले, "मापं येतात ना? बस झालं." पण मापं टाकायला थोरले दोघे होतेच. मी आपला बाजाराच्या दिवशी येणाऱ्या मोटारींच्या मागंपुढं करत राहिलो, एका ड्रायव्हरच्या हातापाया पडून गाडी हाकायला शिकलो, आणि बावीस-तेविसाव्या वर्षी गंगाखेडच्या सरकारी दवाखान्यात फटफटी चालवायला लागलो. आमच्या घरात सरकारी पट्टा कमरेला बांधणारा मीच पहिला. माय तो पट्टा हातात घेऊन उलटासुलटा करून बघायची. "पितळ हाय का रं हे?" म्हणायची. पितळच होतं.

ती फटफटी दवाखान्याची होण्याआधी एका गोऱ्या इंजिनिअरची होती. कापसाच्या जिनिंगची यंत्रं बसवत तो मुलूखभर हिंडायचा. लांबच्या प्रवासासाठीच बनवलेली ती गाडी. मोठी टाकी, बसायला रुंद आसन, मागं सामानाला चामड्याच्या दोन पिशव्या, आणि बाजूला जोडलेला वेताच्या बैठकीचा डबा. टाकीवर गुडघे टेकायच्या जागी त्याच्या गुडघ्यांचे दोन खळगे पडले होते. माझे गुडघे त्यात नीट बसत नसत. तो उंच असणार. कधीकधी वाटायचं, गाडी अजून त्याचीच आहे, मी नुसता बसलोय.

जुनी होती, पण लबाड नव्हती. पावसाळी हवेत सकाळी चालू व्हायला दहा-बारा लाथा घ्यायची, एकदा तापली की संध्याकाळपर्यंत कुरकुर नाही. टाकीवर तेलाचा लहानसा पंप होता. दर अर्ध्या कोसाला तो अंगठ्यानं एकदा दाबायचा. विसरलं तर आवाज कोरडा व्हायचा, बरोबर कळायचं. लढाईचे दिवस, पेट्रोल चिठ्ठीवर. कमी पडलं की घासलेट मिसळायचो. तेव्हा खोकायची, पण थांबायची नाही. माणसानं आपल्याशी जितकं खरं वागावं तितकी ती वागत होती. खोटं वागलो तो मी.

डब्यात बसायच्या सुंदराबाई. दवाखान्याच्या नर्स, खेडोपाडी जाऊन अडलेल्या बाळंतिणी सोडवणाऱ्या. जालन्याकडच्या ख्रिस्ती, पन्नाशीच्या, अंगानं भरलेल्या. मांडीवर पांढऱ्या फडक्यात बांधलेली पेटी. डब्यात बसताना दर वेळी म्हणायच्या, "महालिंगा, तुझी फटफटी आणि माझी कंबर, दोघींना सरकारनं एकाच दिवशी रजा द्यावी." आणि नाल्यातनं दणका बसला की, "अरे, आत लेकरू होण्याआधी मीच बाळंत होईन!" त्यांच्या हाताखाली किती पोरं जन्मली असतील देव जाणे. आमचा धप्-धप् आवाज लांबून आला की गावातल्या बायका दारात यायच्या. "आली बाईची फटफटी," म्हणायच्या, आणि घरातल्या कण्हण्यालासुद्धा धीर यायचा म्हणे.

त्या साली पितृपाटाच्या, श्राद्धांच्या दिवसांत मी नदीवर गाडी धूत होतो. गोदावरी उतरली होती, काठाला चिकणा गाळ, त्यावर बगळ्यांची पावलं. पुढचं चाक धरून ठेवणारा जो दुहेरी चिमटा असतो, त्याच्या उजव्या नळीवर, जोडाच्या जरा खाली, केसाएवढी रेघ दिसली. मातीची असेल म्हणून बोटानं पुसली. गेली नाही. थुंकी लावून पुसली. गेली नाही. नखानं चाचपली, तर नख अडकलं.

नख अडकलं ते अजून अडकलेलंच आहे.

काय करायचं ते मला त्याच क्षणी ठाऊक होतं. चिमटा काढायचा, आगगाडीनं पूर्णेला न्यायचा, तिथल्या रेल्वेच्या शेडमध्ये एक ओळखीचा मिस्त्री होता, तो पितळेचा जोड देतो. पण त्यासाठी आधी दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांना सांगावं लागणार. आणि डॉक्टरसाहेब मागच्याच महिन्यात म्हणाले होते, "गाडी फिर बिगडी तो घोडा लेंगे. घोडे को ड्रायवर नै लगता." ते हसत म्हणाले होते. मी रात्रभर जागा होतो. चौथी नापास माणसाला दुसरं कोण ठेवणार? सोनपेठला पट्ट्याशिवाय परत जायचं कसं? एवढीच भीती. कुणाला सांगावी इतकी मोठीसुद्धा नाही.

म्हणून मी रोज सकाळी ती रेघ बघायचो आणि काल होती तेवढीच आहे असं स्वतःला सांगायचो. काळ्या रानात तेव्हा भेगा पडायला लागलेल्या असतात. पाऊस ओसरला की जमीन आधी केसाएवढी चिरते, मग बोटाएवढी, मग तीत वासराचा पाय जातो. हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. तरीसुद्धा.

आता ती खंडेनवमी. हत्यारांची पूजा. शेतकरी नांगर, सुतार वाकस, वाणी तागडी पुजतो. पूजा बांधली की ती उतरेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक. मी फटफटी लख्ख पुसली, झेंडूची माळ घातली, आणि आमच्या रीतीनं भस्म कालवलं. तीन बोटं बुडवली. हँडलवर तीन पट्टे, टाकीवर तीन पट्टे, दिव्याखाली तीन पट्टे. आणि मग चिमट्याच्या उजव्या नळीवर. तिथं मी एकदा ओढले, वाळू दिले, परत ओढले. दाट. मधला पट्टा बरोबर रेघेवर.

देवाला फसवतोय असं तेव्हा वाटलंही नाही. उलट वाटलं, त्याच्याच हवाली करतोय.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुआयना. तहसील कचेरीच्या मैदानात लिंबाखाली दोन माल-मोटारी आणि आमची फटफटी उभी. चुन्याची एक रेघ मारलेली. गाडी वेगानं आणून रेघेच्या अलीकडं थांबवायची, तो ब्रेकचा मुआयना. ती मी बोटभर अलीकडं थांबवली. भोंगा वाजवला. दिवा लावून दाखवला. साखळी, चाकाचे आरे, डब्याचे बोल्ट. रहीमसाहेब एकेका वस्तूला "ठीक" म्हणत होते, कारकून लिहीत होता. माझा श्वास खाली बसायला लागला.

मग ते पुढच्या चाकाशी उकिडवे बसले.

"ये क्या लगाए?"

"पूजा हाय साब. दसऱ्याची. पुसता येत न्हाई."

"दसरा तो कल हो गया ना?"

"आमच्यात पुनवेपर्यंत उतरवीत न्हाईत साब."

बाजूला सखाराम चपराशी उभा होता. तो म्हणाला, "आमी तर बुवा दसऱ्यालाच उतरवतो."

"तुमच्यात उतरवत असतील. आमच्यात न्हाई," मी म्हणालो. अशी रीत आमच्यात नव्हती, कुणाच्यातच नव्हती. उभ्या उभ्या मी ती तिथं तयार केली. माझ्या बापजाद्यांच्या नावानं.

रहीमसाहेबांनी मान डोलावली. पुढं केलेला हात मागं घेतला. दुसऱ्याच्या पूजेला बोट लावणारा तो माणूस नव्हता. सुटलो, मला वाटलं. त्यांनी खिशातून एक लांब लोखंडी किल्ली काढली. भस्म जिथं नव्हतं तिथं, डाव्या नळीच्या खालच्या टोकाला, किल्लीनं हलकेच ठोकलं. टिंग. मग उजव्या नळीच्या खालच्या टोकाला.

थप्.

सोनपेठच्या बाजारात माय माठ घ्यायची तेव्हा बोटाच्या पेरानं ठोकून बघायची. कुंभार कितीही सांगो. चांगला माठ खणखणतो, चीर गेलेला बद्द बोलतो. डोळ्यांना काही दिसत नसतं. "वरून कितीबी रंगीव, कानाला कळतंच," म्हणायची. मी तिच्या पदराला धरून उभा असायचो. तोच आवाज होता.

रहीमसाहेबांनी परत एकदा ठोकलं. थप्. भस्माची जराशी भुकटी त्यांच्या किल्लीवर पडली. त्यांनी चिमट्याकडं पाहिलंच नाही, वर माझ्याकडं पाहिलं. आणि माझा हात कुठं गेला होता ते मला त्यांच्या डोळ्यांवरून कळलं. सदऱ्याच्या आत, गळ्यातल्या लिंगावर. तोंड अर्धं उघडलेलं. त्यांनी नुसतं 'तुझे मालूम था क्या' एवढं म्हटलं असतं, की मी त्या लिंगाची आण घेऊन सांगणार होतो, मला काही ठाऊक नव्हतं. शब्द दातांमागं येऊन थांबले होते.

"हाथ नीचे कर," ते हळू म्हणाले. कारकुनाला ऐकू जाणार नाही इतकं हळू. "मैं पूछता नै. पूछा तो तू बोलेंगा. उसपो हाथ रख के बोलेंगा. नक्को."

हात खाली आला.

"क्या लिखूँ साब?" कारकुनानं विचारलं.

"नाक़ाबिल. चिमटा पुराना हो गया. ड्रायवर का कुछ नै." आणि मला, "ठीक करा के ला. मैं जुमेरात तक यहींच हूँ."

मी कागद घेतला. उर्दू मला धड येत नव्हतं, पण हा शब्द कुठं सुरू होतो ते येत होतं. माझ्या शाळेच्या कागदावरही असाच सुरू होणारा शब्द होता. दवाखान्यापर्यंत गाडी ढकलत नेताना मी त्या माणसाला मनातल्या मनात काय काय शिव्या दिल्या. आज ज्यांचं नाव मी पहिल्या ओळीत लिहिलं, त्यांना.

जेवणं व्हायच्या आत बोलावणं आलं. चार कोसांवर, नदीच्या वरच्या अंगाला धोंडवाडी नावाचं लहानसं गाव. मारुती नावाच्या शेतकऱ्याची बायको, सोनाबाई, सकाळपासून अडलेली. त्याचा भाऊ धावत आला होता, त्याच्या धोतराला गोखरू चिकटलेले. सुंदराबाई पेटी घेऊन बाहेर आल्याच. "काढ गाडी."

मी पेट्रोलची चावी उघडली होती. खरं सांगतो, पाय लाथेवर होता. कागद गेला खड्ड्यात, कोण बघतंय? आणि मला तो आवाज ऐकू आला. थप्. पाय उचलेना.

"नको बाई."

"का रे?"

"नको. नापास झालीय."

"चार कोस आहेत, महालिंगा."

"नको."

सुंदराबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग चाकाकडं, मग त्या नळीवरच्या भस्माकडं. तिथं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग मागं वळून म्हणाल्या, "छकडा सांगा कुणीतरी. लवकर."

मी बरोबर गेलो. माझं काही काम नव्हतं, तरी गेलो. फटफटीला तास लागला नसता, छकड्याला दिवस कलेपर्यंत लागला. रान अजून ओलं होतं, चाकाला काळी माती गाडग्याएवढी धरत होती, दर थोड्या वेळानं उतरून खरवडायची. तुरीला पिवळी फुलं आली होती. कापसाची बोंडं नुकती उकलत होती. किती सुंदर दिवस होता तो, हे लिहिताना लाज वाटते. पण होता.  दणके बसले तरी सुंदराबाई विनोद करीनात.

गावाच्या शिवेवर एक चिंच होती. तिच्याखाली मारुती उभा होता. आमच्याच वाटेवर डोळे लावून उभा, पण आमच्याकडं बघत नव्हता. छकडा त्याच्या पुढ्यात गेला तरी त्याची मान कलती, ऐकायला लावलेली. मागच्या वर्षी त्याच्या बहिणीच्या वेळी आम्ही फटफटीवर आलो होतो. फटफटीचा तोच आवाज ऐकायला तो उभा होता. बैलांच्या घुंगरांत त्याचं काही नव्हतं.

सुंदराबाई खाली उतरल्या तेव्हा त्यानं त्यांना ओळखलं.

"बाई? फटफटी कुठं हाय?"

त्या घराकडं धावत सुटल्या होत्या. म्हणून मी बोललो. "मुआयन्यात नापास झाली."

"म्हंजी? चालत न्हाई?"

"चालती."

"मंग?"

एवढंच. रागानं नाही. त्याला खरंच कळलं नव्हतं. चालणारी गाडी का आली नाही, हे तो मला विचारत होता, आणि ते सांगू शकेल असा जगात मी एकटाच होतो.

"मंग?" तो परत म्हणाला.

घरातून एक म्हातारी बाहेर आली. हातात पाण्याची बादली तशीच भरलेली. म्हणाली, "लेकरू हाय. पोरगी. माय गेली. आत्ताच की ओ, घटकाभर आदी येतात तर…" आणि मारुतीकडं बघून तिनं बादली खाली ठेवली.

परतताना अर्ध्या वाटेत सुंदराबाई पहिल्यांदा बोलल्या. "यंदा दसऱ्याला भस्म अंमळ जास्तच लागलं, नाही का रे?" मी उतरून चाकाची माती खरवडायला लागलो. त्यांनी परत कधी विचारलं नाही. त्यानंतर चार वर्षं त्या माझ्या शेजारी डब्यात बसल्या, पण नाही.

रहीमसाहेबांनी विचारलं नाही, सुंदराबाईंनीही विचारलं नाही. एकानं मला पाण्यातून वर ओढलं, दुसरीनं काठावर तसंच ओलं उभं ठेवलं. दोघांचंही बरोबर होतं असं मला वाटतं. पण नाव घ्यायची वेळ येते तेव्हा आधी ओढणाऱ्याचंच येतं.

दुसऱ्या दिवशी चिमटा घेऊन पूर्णेला गेलो. डॉक्टरसाहेबांनी एका शब्दानं हटकलं नाही. कागदावर 'पुराना हो गया' लिहिलं होतं, आणि जुनं झालं यात ड्रायव्हरचा काय दोष? घोड्याचं नावही निघालं नाही. मिस्त्रीनं घासलेटच्या बोळ्यानं भस्म पुसलं. खाली रेघ नव्हती, तोंड होतं. पाऊण नळी गेली होती. त्यानं दोन्ही हातांत धरून जरासा जोर दिला, आणि ऊस मोडावा तशी ती कडकन मोडली.

"वाचलास रं. पहिल्याच नाल्यात बाईसकट गेला असतास," तो म्हणाला. आणि त्याच दमात, भाता ओढता ओढता, "आठ दिस आदी आणायची की. अर्ध्या दिसाचं काम हाय ह्ये."

किती वर्षं झाली, मी या दोन वाक्यांच्या मध्ये राहतो. पहिलं वाक्य धरलं की दोन्ही हात जोडावेसे वाटतात. त्या दिवशी मी गाडी काढली असती तर सोनाबाई तर गेलीच असती, नाल्यात आम्ही दोघं गेलो असतो, आणि पुढच्या चार वर्षांत सुंदराबाईंच्या हातांनी सुटलेल्या कितीतरी बायका तशाच अडून राहिल्या असत्या. दुसरं वाक्य धरलं की हात कुठं ठेवावे कळत नाही. रहीमसाहेबांच्या कागदानं ती बाई गेली नाही. पितृपाटात नख अडकलं होतं, तेव्हापासून ती जायला लागली होती.

बुधवारी, साहेबांच्या जुमेरातीच्या आदल्या दिवशी, गाडी परत लिंबाखाली उभी केली. या वेळी माळ नाही, भस्म नाही, उघडं लोखंड. रहीमसाहेबांनी किल्ली काढली. टिंग. टिंग. "अब बोलती," ते म्हणाले आणि कागदावर सही केली. मग किल्ली हातातच ठेवून जरा उभे राहिले.

"वो औरत का सुना मैं. लड़की है बोले?"

"हौ साब."

"जी रही?"

"हौ साब. मावशी सांभाळायलीय."

"अच्छा."

तेव्हा बोलायला पाहिजे होतं. कारकून पाणी प्यायला गेला होता, सखाराम लांब होता. मी "साब," म्हणालोसुद्धा.

"क्या?"

"कुछ नै."

ते वाट बघत होते, असं आता वाटतं. मग त्यांनी किल्ली खिशात टाकली आणि माल-मोटारीकडं गेले.

त्यानंतर ती फटफटी एकदाही अडली नाही. जिथं मोडली होती तो जोड सगळ्यात मजबूत झाला होता. पितळेचं ते पिवळं कडं उन्हात चमकायचं, लोक विचारायचे, दागिना घातलाय का. धोंडवाडीला पुढं दोन-तीनदा जावं लागलं. चिंच दिसायला लागली की मी इंजिन बंद करायचो आणि उरलेली वाट ती जड गाडी ढकलत न्यायचो. पहिल्यांदा बंद केली तेव्हा सुंदराबाईंनी विचारलं नाही, का. पेटी काखेत घेऊन खाली उतरल्या, आणि एवढी जड बाई, गाडीच्या बाजूनं माझ्याबरोबर चालत गेल्या. मारुतीच्या कानावर तो आवाज पडू नये, एवढंच आम्हाला सुचलं होतं. एकदा तो बांधावर दिसला, कडेवर पोरगी. त्यानं आमच्याकडं बघितलं आणि पोरीला दाखवलं, "ती बघ, फटफटी." पोरगी हसली. मी मान हलवली.

मग राज्य बदललं. पुष्कळ माणसं इकडची तिकडं झाली. मुआयन्याला दुसरे साहेब आले, ते लांबून बघून सही करायचे. रहीमसाहेब कुठं गेले, कुणी नक्की सांगेना. कुणी म्हणे सरहद्दीपलीकडं, कुणी म्हणे औरंगाबादला लेकीकडं, कान गेलेत. ही शेवटची गोष्ट खरी नसावी, असं मला सारखं वाटतं. त्यानंतर वर्षभरात मीही गंगाखेड सोडलं. सोनपेठला माय गेली तेव्हा गेलो होतो, त्यानंतर नाही. तिकडची वाट लागली की नदी लागते, नदी लागली की ती चिंच लागते.

इथं माझ्या खिशात एक लांब किल्ली असते. त्यांची नाही, तशीच करून घेतलेली. गाडी फाटकाबाहेर जायच्या आधी मी ठोकून बघतो. पोरं म्हणतात, "मिस्त्री, इतकी मशिनं आली तपासायची, आन तुमी अजून माठ घ्यायलाय बाजारात!" घेतो बाबा, माठच घेतो. आणि एखादा पोरगा गाडीपाशी घुटमळताना दिसला, काही लपवल्यासारखा, तर मी त्याला विचारत नाही. त्याचा हात गळ्याकडं जायच्या आत मी आपणच म्हणतो, "राहू दे, आपण दोघं मिळून काढू." एवढं शिकलो. पण ही परतफेड नव्हे. हे पोरांना देतोय, ज्यांचं आहे त्यांना नाही.

यंदा दसरा झाला. पोट बिघडलं, बरं झालं. रहीमसाहेब, तुम्ही कुठं असाल तिथं ही गोष्ट तुमच्यापर्यंत कोण पोचवणार? म्हणून मीच येणार आहे. औरंगाबादेत असाल तर औरंगाबादला, आणि जमिनीखाली असाल तर डोक्याला रुमाल बांधून तुमच्या उशाशी. तुम्ही मला खोटी आण घेऊ दिली नाही. ती आण अजून कोरी आहे, खर्ची घातलेली नाही, जपून ठेवली आहे. ज्या दिवशी तुम्ही सापडाल त्या दिवशी, तुम्ही न विचारताच, हा हात परत तिथंच ठेवून सांगेन: साब, चीर मला ठाऊक होती.